आजाऱ्याला मदत करताना प्रार्थना करावी का?

वसईचा_वारा:
ओळखीतले एक काका स्कूटरवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. रविवारी चर्चची दहा-बारा माणसं आली. खाटेभोवती अर्धा तास प्रार्थना, गीतं. शेजारच्या खाटेवरचा पेशंट बिचारा भिंतीकडे तोंड करून पडला. काकू रोज रात्र खुर्चीत काढतात, पण 'आज मी थांबते, तुम्ही घरी जाऊन अंघोळ करून या' असं एकीलाही सुचलं नाही. उघड्या-उपाशी माणसाला नुसतं 'ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणून काय उपयोग, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातच विचारलंय ना? डबा न्या, रात्रीची पाळी घ्या, औषधाचं बिल भरा. प्रार्थना घरी करा.

मिरजेकडचा:
घरी का म्हणून? मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली आमच्या मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारलं ते श्रद्धेपोटीच. ती वजा केली तर हॉस्पिटल तरी झालं असतं का? ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाबरलेला माणूस स्वतःहून हात धरतो, तेव्हा त्याला काय, डबा दाखवायचा?

काळी_माती:
मी ख्रिस्ती नाही. स्वतःहून हात धरला तर प्रश्नच मिटला. पण प्लास्टरमध्ये अडकलेला माणूस 'नको' कसं म्हणणार? बिल तुम्ही भरलंय, तो मान डोलावणारच. १८९३ला शारदा सदनात, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या विधवा-मुलींच्या शाळेत, हाच वाद पेटला होता. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले.

केडगाव_लोकल:
पडले ना बाहेर. मग १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली-विधवा कोणी आणल्या? रमाबाईंनीच. टीकाकारांनी काय केलं?

काळी_माती:
केलं की. कर्व्यांनी १८९६लाच विधवांसाठी आश्रम काढला.

केडगाव_लोकल:
आणि कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, लग्नाआधीच्या विधवा गोदूबाई, शिकल्या कुठे? शारदा सदनात! ख्रिस्ती न होता शिकल्या, लग्नही केलं. सक्ती असती तर हे जमलं असतं?

काळी_माती:
एका उदाहरणावरून सगळ्यांचं ठरवू नका. दुष्काळातल्या पोरींना जायला दुसरं घर नव्हतं, हा फरक आहे.

वसईचा_वारा:
वाद चालू द्या. येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत जखमी पडलेल्या माणसासाठी सरायवाल्याला दोन दिनार दिले आणि जास्त लागले तर परत येताना देतो म्हणाला. आमची माणसं परत येत नाहीत, माझी तक्रार तेवढीच. बुधवारची रात्र मी घेतलीय, गुरुवारला कोणी नाही.

मिरजेकडचा:
मावसभाऊ नालासोपाऱ्याला असतो, त्याला पाठवतो. पण तो प्रार्थना केल्याशिवाय राहायचा नाही, आधीच सांगून ठेवतो.

वसईचा_वारा:
काकांना विचारून करू दे. शेजारच्या खाटेलाही.