जेम्स वायट : पडलेल्या इमारतींचा दोष कुणाचा?

रेखाटन
इंग्लिश वास्तुकार जेम्स वायट (१७४६–१८१३) हे नाव निघालं की 'विध्वंसक' हे बिरुद आधी येतं. मला हा अन्याय वाटतो. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर याचं पँथिऑन हे करमणुकीचं सभागृह १७७२ साली खुलं झालं, तेव्हा वायट पंचविशीत होता. प्रचंड घुमट, खाली नाचगाण्याचे जलसे. १७९२ च्या जानेवारीत ते आगीत गेलं. सोळा वर्षांच्या चित्रकार टर्नरने जळाल्यानंतरच्या सकाळचं चित्र काढलंय, त्यात दर्शनी भिंतीवर गोठलेल्या पाण्याचे सुळे लोंबताना दिसतात. १९३७ मध्ये उरलंसुरलंही पाडलं, आता तिथे मार्क्स अँड स्पेन्सरचं दुकान आहे. जे राहिलं ते बघा ना! मँचेस्टरचा हीटन हॉल, उत्तर आयर्लंडमधला कासल कूल. ऑक्सफर्डची रॅडक्लिफ वेधशाळा सुरू केली दुसऱ्याने, पण अथेन्सच्या वाऱ्यांच्या मनोऱ्यावर बेतलेला तो अष्टकोनी माथा वायटचा.

जुनाचुना
सपशेल असहमत. सॅलिसबरीच्या कॅथीड्रलचं, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चचं काय? १७८९ ते १७९२ या काळात तिथलं मध्ययुगीन घंटाघर पाडलं, दोन छोटी प्रार्थनाघरं पाडली, जुन्या रंगीत काचा काढल्या. जागोजागची थडगी उचलून मुख्य दालनात दोन्ही बाजूंना सरळ रांगेत मांडली. कोण कुठे पुरलंय याचा संबंधच तुटला. आगीला वायट जबाबदार नाही, कबूल. पण हे तर त्याच्याच हातून झालं.

मधुरा_क
जुनाचुना, बिशप बॅरिंग्टन आणि कॅथीड्रलच्या कारभाऱ्यांनाच मोकळं, एकसंध दालन हवं होतं. एकट्या वायटला धरून कसं चालेल?

जुनाचुना
मधुराताई, मालक सांगेल ते पाडायचं असेल तर वास्तुकार कशाला हवा? डरॅमच्या कॅथीड्रलमधलं गॅलिली चॅपल हे प्रार्थनाघर हाच वायट पाडायला निघाला होता. जॉन कार्टरसारख्या जुन्या वास्तूंच्या अभ्यासकांनी आरडाओरडा केला म्हणून ते वाचलं. म्हणजे हे चुकतंय असं बोलणारी माणसं त्या काळातही होती.
आणि वायटनेच रचलेला, बेकफर्ड या धनाढ्याचा वाडा फॉन्टहिल ॲबी! जमैकाच्या गुलामांच्या घामावर उभ्या साखरेच्या पैशातून बेकफर्डने बांधून घेतलेला सुमारे २७६ फुटी मनोरा १८२५ मध्ये कोसळला. आज उत्तरेकडचा एक तुकडा तेवढा उभा आहे.

रेखाटन
फॉन्टहिलला बेकफर्डची घाई नडली. रात्री मशालींच्या उजेडात काम चालायचं, पहिला मनोरा तर १८०० मध्येच पडला होता. मात्र वायट साइटवर फिरकत नसे ही त्या काळची तक्रार खरी आहे, ती मी झाकणार नाही. डरॅमचा मुद्दाही बिनतोड. तरी सॅलिसबरीवरून हीटन हॉल जोखायला माझा विरोधच राहील.

वाटसरू
तो मनोरा पडला तेव्हा ॲबीचा मालक जॉन फार्कर होता. बंगालमध्ये बंदुकीच्या दारूच्या कारखान्यातून याने अफाट पैसा केला होता. साखर आणि दारूगोळा, दोन्ही वसाहतींतलं. वायटला दोष द्या नाहीतर देऊ नका, ज्यांच्या मेहनतीवर हे उभं राहिलं त्यांच्याबद्दल या धाग्यात जुनाचुनांच्या एका वाक्यापलीकडे काहीच आलेलं नाही.