सिगुर्ड पर्सन नावाची माणसं दोन आहेत का? (तातडीने मदत हवी)

रानपाखरू: स्टॉकहोमला जुन्या वस्तूंच्या दुकानात एक चांदीची वाटी आवडलीये. दुकानदार म्हणतो सिगुर्ड पर्सनची. नेटवर या नावाने बघावं तर नुसत्या काचेच्या वाट्या नि फुलदाण्या! गंडवतोय का? शनिवारपर्यंत सांगायचंय, पटकन कळवा.

लोखंडेमास्तर: शिक्के काय आहेत? फोटो?

रानपाखरू: फोटो काढू देत नाही. बुडाशी शिक्के आहेत चार-पाच.

लोखंडेमास्तर: कोणते ते आम्ही इथून ओळखायचे का?

सुगरणबाई: चांदी काळी पडली असेल तर टूथपेस्ट लावा, लख्ख होते.

ठोकताळा: बाई, टूथपेस्टने ओरखडे पडतात. आणि हे विचारलंय कुणी?

हातोडी: माणूस एकच. जन्म १९१४, हेलसिंगबोर्ग. वडील चांदीचे कारागीर, त्यांच्याच हाताखाली शिकला. मग म्युनिक, स्टॉकहोम. १९४२ ला स्वतःचं वर्कशॉप. कोस्ताच्या काचकारखान्यासाठी काम १९६८ पासून, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर. काच कारखान्यातून निघते, चांदीचा नग हाताने घडतो. नेटवर काचच जास्त दिसणार.

भटक्या: विमानातले स्टीलचे काटे-चमचे त्याचेच ना? एसएएस विमान कंपनीचे?

हातोडी: हो, जेट लाइन, १९५९.

भटक्या: आमच्या काकांनी एक चमचा खिशात घालून आणला होता. दह्यात तोच असतो.

ठोकताळा: स्कँडिनेव्हियन चांदी घ्यायची तर डेन्मार्कच्या जॉर्ज जेन्सनची. बाकी सगळं हौस.

हातोडी: जेन्सन म्हणजे पेढी, हा एकटा कारागीर. तुलनाच चूक.

रानपाखरू: भांडू नका हो! आज भिंगातून पाहिलं. एस-आय-जी-पी, मुकुटवालं डोकं, तीन मुकुट, नुसता एस आणि एच९.

हातोडी: हे आधी सांगितलं असतं तर! एसआयजीपी ही त्याची खूण. डोकं स्टॉकहोमचं, संत एरिकचं. तीन मुकुट सरकारी तपासणीचे, एस चांदीचा. एच९ ही वर्षाची खूण, म्हणजे १९५८. काचेला अजून दहा वर्षं होती. शिक्के तरी जुळतायत.

सुगरणबाई: मोडीत किती येतील?

लोखंडेमास्तर: स्वीडिश चांदी बहुतेक ८३ टंच, आपल्या सराफाला ती हलकीच वाटणार. मोडायला घेत असाल तर घेऊच नका. रानपाखरू, किंमत अजून सांगितली नाहीत!