कॅज्युअल्टीच्या मालिका बघून कुणाला काय आठवलं? लिहा

मांडवीकाठ :
परवा मुलीने जबरदस्तीने द पिट लावून दिली. अमेरिकेतल्या पिट्सबर्गची कॅज्युअल्टी, पहिल्या सीझनचे पंधरा भाग, एक भाग म्हणजे ड्युटीचा एक तास. म्हटलं अर्धा तास बघू आणि झोपू, तर रात्रीचे दोन वाजले. त्यात बाहेर तासन्‌तास ताटकळलेला एक पेशंट आरडाओरडा करत असतो, आणि शेवटी हेड नर्स डेना बाहेर सिगरेट ओढायला जाते तेव्हा तिच्या तोंडावर ठोसा मारून निघून जातो. मी तिथेच बंद केलं. आई आमची तालुक्याच्या इस्पितळात नर्स होती, एकदा कुणाच्या तरी नवऱ्याने तिला असंच ढकललं होतं, कोपर सुजलेलं आणि घरी येऊन ही हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, नारळ किसायला बसली. विचारलं तर म्हणे त्याचं बाळ गेलं गो, तो कुणावर काढणार राग. तेव्हा पटलं होतं, आता नाही पटत. मालिकेत सरळ दाखवलंय, वर वॉर्डात न्यायचं तर नर्स कमी, म्हणून पेशंट खाली अडकलेले, आणि मॅनेजमेंटची बाई खाली येऊन डॉक्टरला सुनावते की पेशंट समाधानी नाहीत, मार्क कमी पडतायत. ठोसा मात्र डेनाला.
तुमचंही लिहा. राजकारण चालेल, पक्षांवरून भांडण नको.

नाइटड्युटी :
मी बघत नाही असलं काही. ड्युटीवर तेच न घरी पण तेच? पण हा भाग नवऱ्याने दाखवला. डोळा काळानिळा झालेला आणि ती परत कामाला लागते, अगदी खरंय, कारण बदली माणूस नसतो. आमच्याकडे एका पेशंटमागे सहा नातेवाईक, प्रत्येकाला वेगळं समजवायचं, आणि सातवा फोनवर असतो तो सगळ्यात हुशार. जाते, डबे भरायचेत.

दोडामार्गचा_शेजारी :
ताटकळणं म्हणाल तर आम्हाला विचारा. महाराष्ट्रातले पण हद्दीवरचे आम्ही, पेशंट घेऊन गोव्यातच येणार. २०१८ च्या जानेवारीपासून तिथल्या सरकारी इस्पितळात गोव्याबाहेरच्यांना फी लागली तेव्हा आमच्याकडे आंदोलन पेटलेलं. भाऊ माडावरून पडला, कमरेचं हाड मोडलं, डॉक्टरांनी आधी पेशंट हातात घेतला न कागद नंतर, हे सांगायलाच हवं. पण खिडकीवर विचारलं गोव्याचं कार्ड आहे? तर वडील म्हणतात, बायको डिचोलीची आहे, अर्धं चालेल काय?

डिचोलीकर :
हाहाहा जावई माणूस, चालवून घ्यायला हवं होतं. पण आमचीही बाजू ऐका राव, दीनदयाळ या आमच्या सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांपर्यंत मिळतात ते गोव्याच्या तिजोरीतून, आणि खाटा आहेत तेवढ्याच.

दोडामार्गचा_शेजारी :
भाजी, दूध, कामाला माणसं आमच्याकडून घेताना कार्ड नाही विचारत कोण.

म्हापसेकरीण :
मला जुनी ईआर आठवते, शेजारचा तारवटी, जहाजावर नोकरीला असलेला, डीव्हीडी आणायचा. त्यात जीनी बुले, नवऱ्याकडून एचआयव्ही आलेला आणि ती इस्पितळातच नोकरीला, म्हणून लपवते. आम्ही बघतोय आणि मावशी एकदम म्हणाली, आपल्याकडे तर पोलीस घेऊन गेले होते. पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा. नेमाने रक्त द्यायचा, त्यातूनच उघडकीला आलं, आणि १९८९ साली पोलिसांनी उचलून म्हापशात टीबीच्या जुन्या सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस डांबला. गुन्हा काही नाही, गोव्याचा आरोग्य कायदाच तसा होता. आई लुसी कोर्टात गेली. सुटल्यावर तो तोंड लपवून बसला नाही, पॉझिटिव्ह पीपल संस्थेची सुरुवात त्याने केली आणि १९९२ ला गेला. मावशी सांगते तेव्हा बाजारात त्याचं नाव हळू आवाजात घ्यायचे. जीनीला निदान लपवायची सोय तरी होती.

कुणीतरी_कुडचडेचा :
पर्रा म्हणजे कलिंगडांचं पर्रा?

म्हापसेकरीण :
होय रे बाबा तेच. आता माडांच्या रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांचं.

फोंड्याची_सून :
पिटमधला तो म्हातारा बघितला का, लिहून ठेवलेलं असतं श्वासाची नळी घालू नका, तरी पोरं घालायला लावतात. आमचे काका व्हेंटिलेटरवर होते तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मतदान, खरंच मतदान, अंगठे दाखवून! दुबईवाला दीर म्हणे काहीही झालं तरी ठेवायचं, आणि बिलाची गोष्ट निघाली की त्याची रेंज जायची. काकीला कुणी विचारलंच नाही. ती बाहेर बाकावर बसून सगळ्यांना बिस्किटं वाटत होती.

ताळगावकर :
मॅनेजमेंटची बाई परवडली म्हणायची पाळी. २०२५ च्या जूनमध्ये गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, आरोग्यमंत्री कॅमेऱ्यासकट कॅज्युअल्टीत शिरले, डॉक्टरला सगळ्यांदेखत झापून उभ्या उभ्या सस्पेंड करा म्हणाले, व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर आलाच असेल. डॉक्टर आंदोलनाला बसले, मग मुख्यमंत्र्यांना सांगावं लागलं की सस्पेन्शन नाही. मालिकेत दाखवलं असतं तर म्हणालो असतो कायच्या काय लिहितात.

साखळीचा_बाब :
ते बरोबर नव्हतंच. पण काही डॉक्टर कसे बोलतात तेही लिहा की. माझ्या सासूला एकाने वर न बघता विचारलं, काय होतंय, आणि ती सांगेपर्यंत गोळ्या लिहून मोकळा. कुठल्या इस्पितळात ते सोडा. मंत्र्यांचा व्हिडिओ बघून तिने टाळ्या वाजवल्या होत्या. घरात दोन दिवस वाद.

नाइटड्युटी :
@साखळीचा_बाब शंभरावा पेशंट असेल हो तो. पण वर बघायला हवं होतं, मान्य.

पाटोवरचा_वकील :
@फोंड्याची_सून लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी नळ्या-यंत्रं नकोत हे आधीच लिहून ठेवणं, २०२३ पासून सोपं झालंय, सुप्रीम कोर्टाने बदल केला. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, बस. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्या न्यायमूर्तींनीच पहिलं स्वतःचं केलं.

फोंड्याची_सून :
काकीला सांगते. ती म्हणेल आधी दुबईवाल्याला ग्रुपमधून काढा.

कुणीतरी_कुडचडेचा :
ही पिट दिसते कुठे पण? आणि मराठीत आहे की इंग्रजीच? आमच्या पप्पांना वाचत वाचत बघायला नको असतं.

मांडवीकाठ :
इंग्रजीच रे, पण अर्ध्या वेळी सगळे औषधांची नावंच ओरडत असतात, पप्पांना कळेल. वकीलसाहेब, नोटरीची फी किती पडते? आणि साक्षीदार शेजारचे चालतात का?

नाइटड्युटी :
मी येते साक्षीदार. फक्त सकाळच्या ड्युटीच्या आठवड्यात करा.