शब्दचर्चा : ‘सेरेमोनियल मॅजिक’ला मराठीत काय म्हणावे, आणि त्यातील ‘मेडिटेशन’ म्हणजे ध्यानच काय?

प्रश्न

योगाभ्यास आणि पाश्चात्त्य ‘सेरेमोनियल मॅजिक’ (ठरावीक विधी, चिन्हे आणि पवित्र शब्द यांवर उभी असलेली गूढविद्या) यांची सांगड घालणाऱ्या साधनापद्धतींवर मी मराठीत एक लेख लिहीत आहे आणि दोन शब्दांपाशी अडलो आहे. ‘जादू’ म्हटले की हातचलाखी डोळ्यांपुढे येते, ‘जादूटोणा’ म्हटले की कुणाचे तरी वाईट चिंतणे, आणि ‘कर्मकांड’ म्हटले तर मूळ कल्पनेचा गाभाच गळून पडतो. दुसरे असे की, या पद्धतींत ‘मेडिटेशन’ हा शब्द पदोपदी येतो. परंतु त्याखाली सांगितलेले अभ्यास पाहता दर वेळी ‘ध्यान’ लिहिणे मला पटत नाही. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. पहिल्या शब्दासाठी मी ‘विधिप्रधान यातुविद्या’ सुचवीन. ‘यातुविद्या’ हा शब्द मराठीत समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांच्या लेखनात रुळलेला आहे, आणि त्याला हातचलाखीचा वास नाही. गंमतीच्या खेळांहून आपली विद्या वेगळी दिसावी, म्हणून ॲलिस्टर क्रौली (१८७५–१९४७) या इंग्रज गूढविद्या-साधकाने ‘मॅजिक’ या इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘के’ हे अक्षर मुद्दाम जोडले होते. मराठीत तेच काम शब्द बदलून साधता येते. ‘जादू’ हा शब्द फारसीतून आला असला, तरी त्याचे मूळ आणि संस्कृत ‘यातु’ हे एकाच घराण्यातले आहेत. वेदांत ‘यातु’ आणि ‘यातुधान’ हे शब्द निंदाव्यंजक आहेत, हे मान्य केले पाहिजे. मात्र आजच्या मराठी वाचकाच्या मनात तो डाग उरलेला नाही. ‘अभिचार’ हा पर्याय टाळावा, कारण त्यात दुसऱ्याला अपाय करण्याचा हेतू गृहीत असतो. ‘इंद्रजाल’ही टाळावा, कारण त्यात केवळ भास आहे.

क्रौलीने या विद्येची व्याख्या ‘विल’ला अनुसरून बदल घडवून आणण्याचे शास्त्र आणि कला अशी केली. येथे ‘विल’साठी ‘इच्छा’ लिहू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. मराठीत इच्छा मनात नुसती येते आणि जाते. संकल्प मात्र करावा लागतो, उच्चारावा लागतो, आणि केल्यावर तो पाळावा लागतो. विधीच्या आरंभी असलेला हा निश्चयाचा अर्थ ‘संकल्प’ या शब्दात आयता आहे.

आता दुसरा प्रश्न, जो मला अधिक मोलाचा वाटतो. १८८८ साली लंडनमध्ये ‘हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळाचे पहिले मंदिर स्थापन झाले, आणि त्याच्या सदस्यांना पंचतत्त्वांची चिन्हे डोळ्यांपुढे आणण्याचा अभ्यास शिकवला जाई. त्या मंडळातील क्रौली १९०१ साली सिलोनमध्ये आपला गुरुबंधू ॲलन बेनेट याच्याकडे गेला आणि कँडी येथे राहून त्याने आसन, प्राणायाम आणि धारणा यांचा नेटाने अभ्यास केला. बेनेट पुढे ब्रह्मदेशात ‘आनंद मेत्तेय्य’ या नावाने बौद्ध भिक्षू झाला. क्रौलीने आपल्या शिष्यांसाठी १९०९ साली छापलेल्या अभ्यासक्रमात आसनस्थैर्याची कसोटी अशी सांगितली आहे की, डोक्यावर काठोकाठ भरलेली पाण्याची बशी ठेवून तासभर बसावे आणि एकही थेंब सांडू नये. त्यापुढचा अभ्यास म्हणजे काळा अंडाकार, निळे वर्तुळ, चंदेरी चंद्रकोर, पिवळा चौरस किंवा लाल त्रिकोण (हीच ती तत्त्वांची चिन्हे) यांपैकी एकच आकृती मनात धरणे, आणि मन तिच्यावरून किती वेळा ढळले याची नोंद ठेवणे.

हा अभ्यास ‘ध्यान’ नव्हे. पतंजलींच्या योगसूत्रांतील ‘देशबन्धश्चित्तस्य धारणा’ या सूत्राप्रमाणे चित्त एका ठिकाणी बांधणे म्हणजे धारणा, आणि त्याच ठिकाणी प्रत्ययाचा, म्हणजे त्या विषयाच्या जाणिवेचा, प्रवाह अखंड राहणे म्हणजे ध्यान. ज्या अभ्यासात खंड मोजले जातात, त्याचे नाव धारणाच असू शकते; खंड मोजण्याजोगे उरले नाहीत, तर ध्यान सुरू झाले असे म्हणता येईल. म्हणून आपल्या लेखात ‘मेडिटेशन’ आले की आधी अभ्यास पाहावा आणि मग शब्द निवडावा. चिन्ह मनात धरायचे असेल तेथे ‘धारणा’; एखादे रूप, रंग किंवा प्रकाश शरीरात किंवा भोवती कल्पनेने उभा करायचा असेल तेथे ‘भावना’. हा दुसरा शब्द तांत्रिक ग्रंथांच्या परिभाषेतला आहे; परंतु मराठीत ‘भावना’ म्हणजे मनातला भाव असा अर्थ इतका रूढ झाला आहे, की पहिल्या उल्लेखात ‘भावना, म्हणजे मनोमय रूपरचना’ असा खुलासा करणे आवश्यक आहे.

‘चक्र’ या शब्दाबाबतही सावध राहावे. गोल्डन डॉनच्या परंपरेतील लेखक इस्रायल रिगार्डी याने १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मिडल पिलर’ अभ्यासात मस्तकाच्या वर, कंठ, हृदय, कटिप्रदेश आणि पावले अशा पाच ठिकाणी प्रकाशाची भावना करतात. ही ठिकाणे कबाला या ज्यू गूढपरंपरेतील ‘जीवनवृक्ष’ नावाच्या आकृतीच्या मधल्या स्तंभातून आलेली आहेत, षट्चक्रांतून नव्हे. शिवाय चक्रांच्या मार्गात शक्ती खालून वर चढते, तर येथे प्रकाश वरून खाली उतरवला जातो. त्यांना ‘केंद्र’ म्हणावे. ‘चक्र’ म्हटल्यास वाचक कुंडलिनीचा क्रम मनाशी धरेल आणि संपूर्ण अभ्यास उलटा समजेल.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन चांगले आहे, परंतु मुळात ‘तंत्र’ हा शब्द का नको? न्यास (मंत्र म्हणत अंगांना स्पर्श करणे), मुद्रा, मंडल, बीजमंत्र, मानसपूजा हे सगळे योगाशी जोडलेले विधीच आहेत. पाश्चात्त्यांनी विसाव्या शतकात जे जोडले, ते येथे कितीतरी आधी जोडलेले होते. शिवाय ‘जन्मौषधिमन्त्रतपःसमाधिजाः सिद्धयः’ या सूत्रात पतंजलींनी मंत्र आणि समाधी एकाच ओळीत ठेवले आहेत. मग ‘विधिप्रधान यातुविद्या’ असा जड शब्द घडवण्याची गरज काय?

प्रतिसाद

साम्य खरे आहे, आणि ते दाखवण्यासाठी आपले शब्द जरूर वापरावेत. पंचकोनी ताऱ्याच्या प्रसिद्ध विधीत साधक कपाळ, छाती आणि दोन्ही खांदे यांना स्पर्श करत पवित्र शब्द उच्चारतो आणि नंतर चारही दिशांना तेजस्वी तारे कल्पून पुढे राफाएल, मागे गॅब्रिएल, उजवीकडे मायकेल आणि डावीकडे ऑरिएल या देवदूतांना स्मरतो. यातील पहिला भाग ‘न्यासासारखा’ आणि दुसरा ‘दिग्बंधासारखा’ (रक्षणासाठी दिशा बांधून घेण्यासारखा) आहे, असे लिहिल्यास मराठी वाचकाला तो क्षणात कळतो. मात्र ‘सारखा’ हा शब्द गाळू नये. तंत्राला स्वतःचे आगम (शास्त्रग्रंथ), स्वतःची दीक्षापरंपरा आणि स्वतःचे दर्शन आहे. कबाला आणि हिब्रू देवनामे यांवर उभ्या असलेल्या विधीला तेच नाव दिले, तर दोन्हींवर अन्याय होतो.

आपण दिलेले सूत्र मला मान्य आहे, परंतु त्याच ग्रंथात ‘ते समाधावुपसर्गा व्युत्थाने सिद्धयः’ असेही म्हटले आहे. सिद्धी बाहेर वळलेल्या चित्ताला लाभ वाटतात आणि समाधीत त्या अडथळा ठरतात. चित्तवृत्तींचा निरोध हे योगाचे ध्येय आणि संकल्पानुसार बदल हे यातुविद्येचे, ही ओढाताण सांगड घालणाऱ्या प्रत्येकाला जाणवते. व्यवहारात अनेक साधक योगाला विधीची पूर्वतयारी मानतात: देह स्थिर, श्वास सम आणि चित्त एका चिन्हावर टिकणारे झाले, म्हणजे विधीतला शब्द पोकळ राहत नाही. म्हणून लेखात ‘योग व यातुविद्या यांचा समन्वय’ असे सरसकट न लिहिता, ‘यातुविधीसाठी योगांगांचा उपयोग’ असे लिहिणे अधिक अचूक होईल.

याच संदर्भात ‘षट्कर्म’ हा शब्द जपून वापरावा. हठयोगात त्याचा अर्थ धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती. तांत्रिक परिभाषेत शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण. या लेखात दोन्ही अर्थ संभवतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘यातुविद्या’, ‘संकल्प’ आणि ‘धारणा’ स्वीकारतो. एकच शंका उरते. इंग्रजीत ‘इन्व्होकेशन’ आणि ‘इव्होकेशन’ असा भेद करतात; मी दोन्हींना ‘आवाहन’ लिहिले आहे. तसेच ‘बॅनिशिंग’साठी ‘विसर्जन’ चालेल काय?

प्रतिसाद

पहिल्या प्रकारात उच्च देवतत्त्व स्वतःच्या ठायी येऊ द्यायचे असते, म्हणून ‘आवाहन’ योग्य. त्यासाठी ‘संचार’ किंवा ‘अंगात येणे’ वापरू नये, कारण तेथे देहभान सुटते आणि येथे ते राखायचे असते. दुसऱ्या प्रकारात साधक वर्तुळाच्या आत उभा राहून एखाद्या सत्त्वाला (अदृश्य शक्तीला) वर्तुळाबाहेर आखलेल्या त्रिकोणात हजर होण्यास फर्मावतो. त्याला ‘पाचारण’ म्हणावे. अधिकाराने बोलावून घेण्याची छटा या शब्दात स्पष्ट आहे, आणि देवतेचे पाचारण केले असे कोणी म्हणत नाही, यातच तो भेद सामावला आहे.

‘बॅनिशिंग’ला ‘विसर्जन’ चालणार नाही. विसर्जन ज्याला बोलावले त्याचेच, आणि सन्मानपूर्वक होते. पाचारण केलेल्या सत्त्वाला शेवटी निरोप देण्याचा जो विधी असतो, त्यासाठी तो शब्द राखून ठेवावा. ‘बॅनिशिंग’ बहुधा विधीच्या आरंभीही करतात, तेव्हा अजून कोणाला बोलावलेलेच नसते. नको असलेले दूर सारून जागा मोकळी करायची असते. पूजाविधीत याला ‘भूतापसारण’ असे नाव आहे. आपल्या लेखासाठी त्यातले ‘अपसारण’ एवढेच पुरेसे आहे.