चर्चा: रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डिंगखालचं अंगण मागणं म्हणजे नुसता नॉस्टॅल्जिया का?

पूर्वेचा_मुलगा:
डोंबिवली पूर्वेतली आमची तीन मजली बिल्डिंग पाडायचं ठरलंय. नव्या नकाशात खाली सगळं पार्किंग आणि मुलांसाठी पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर, घसरगुंडी. मिटिंगमध्ये अंगणाचा विषय काढला, तर "जुन्या आठवणी सोडा आता" असं ऐकावं लागलं.

मला ते पटलेलं नाही. ऐंशीच्या दशकात गिरगाव-दादरच्या चाळी सोडून कितीतरी जणांनी इथे ब्लॉक घेतले. आईवडील दोघंही लोकलने मुंबईला, घरी यायला दिवेलागण उलटून जायची. तोवर आम्हाला सांभाळलं ते अंगणाने. डबा ऐसपैस सुरू झाला की राज्य असलेल्याने जिना, पंपाची खोली, मागचं जांभळाचं झाड असं सगळं पालथं घालायचं. कुणाचं ढोपर फुटलं तर तळमजल्यावरच्या काकू हळद घेऊन हजर. पाचव्या मजल्यावरच्या पोडियमकडे येताजाता कोण बघणार आहे?

गच्चीवरची:
दादा, हे बालपण मुलग्यांचं होतं. सातवीनंतर आमच्या बिल्डिंगमधली एकही मुलगी खाली खेळत नव्हती. नळाला जोर नसायचा, पाणी वर चढायचं नाही. खालच्या टाकीतून कळश्या भरून दुसऱ्या मजल्यावर न्यायच्या, तेही शाळेच्या आधी. मी आणि बहीण पाणी भरायचो, भाऊ त्याच टाकीच्या भिंतीवर कोळशाने स्टंप काढून क्रिकेट खेळायचा. पाय घसरून तांब्याची कळशी जिन्यात आपटली, तर आईने आधी कळशीला पोचा आलाय का ते पाहिलं. तिलाही 8 च्या आत गाडी पकडायची असायची, तिचा राग नाही मला.

आणि त्या गॅलरीतल्या नजरा! तुम्हाला त्या सांभाळत होत्या, आमच्यावर पहारा ठेवत होत्या. फडके रोडवर कुणाशी बोलले, ते मी घरी पोचायच्या आत आईला कळलेलं असायचं. आज माझी मुलगी रात्री 9 वाजता पोडियमवर बॅडमिंटन खेळते. नळाला पाणी आहे, सासूबाईंच्या गुडघ्यांना लिफ्ट आहे. मला जुनं काहीही परत नको.

एमआयडीसीजवळचा:
मोकळी हवा म्हणणाऱ्यांनी आमच्याकडे राहून बघावं. रात्री केमिकल कारखान्यांचा उग्र वास सुटला की आई ऐन मे महिन्यात खिडक्या लावून घ्यायची. पुढे 2014 चा हिरवा पाऊस, 2020 चा गुलाबी रस्ता आणि 2016 व 2024 चे स्फोट सगळ्यांनी पेपरात वाचले. अंगणाआधी स्वच्छ हवा मागा.

पूर्वेचा_मुलगा:
दोन्ही मागू की! ताई, पहारा आणि कळश्या हा घरातल्या माणसांचा अन्याय होता. त्याची शिक्षा अंगणाला का? 2013 मध्ये मुंबईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर चालणार नाही, असा निकाल दिला होता.

नकाशा_वाचणारा:
तो निकाल मुंबईच्या नियमावलीवरचा आहे. आपल्याकडे मोकळ्या जागेची सक्ती मोठ्या प्लॉटना लागते. आपले प्लॉट लहान, त्यात गाड्यांची जागा सक्तीची, मग अंगण उरणार कुठून? कायद्याच्या भरवशावर राहू नका. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी एकत्र रिडेव्हलपमेंट केलं तर काही जमेल. ते करारनाम्यावर सह्या व्हायच्या आधीच बोलावं लागतं, नंतर बिल्डर दारात उभं करत नाही.

गच्चीवरची:
अन्याय माणसांचा, हे कबूल. पण ती माणसं त्या अंगणातच खुर्च्या टाकून बसायची. एकत्र मागणार असाल तर माझीही अट लिहून घ्या: अंगणात रात्री 10 पर्यंत दिवे हवेत आणि सोसायटीच्या नियमावलीत "मुलींनी सातच्या आत घरी" असलं एकही वाक्य नको. एवढं असेल तर माझी सही पहिली.