गांजामिश्रित पेयांच्या परदेशी कंपन्यांत भिशीचे पैसे घालावेत का?

टिळकवाडीकर:
आमच्या भिशीतील आठ जणांपुढे प्रस्ताव आला आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, तेव्हा त्यातील थोडी कॅनडा आणि अमेरिकेतील गांजामिश्रित पेये बनवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये घालावी, असा तो आहे. मी त्याच्या बाजूने आहे. कॅनडाने ऑक्टोबर 2018 मध्ये गांजा कायदेशीर केला, वर्षभराने पेयांनाही परवानगी दिली आणि एका डब्यात 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी, म्हणजे नशा आणणारे द्रव्य, असू नये असे बंधन घातले. धूर नाही, मात्रा मोजलेली, त्यामुळे दारूचे काही गिऱ्हाईक इकडे वळेल असे मला वाटते. शेअर पडलेले असताना घेतले तरच हाती काही लागेल.

निपाणीकर:
मी ठामपणे विरोधात आहे. अमेरिकेत कोरोना बिअर विकणाऱ्या कॉन्स्टेलेशन ब्रँड्सने 2018 मध्ये कॅनोपी ग्रोथ या कॅनडाच्या गांजा कंपनीत सुमारे 4 अब्ज डॉलर ओतले आणि पुढे त्याचा मोठा भाग तोटा म्हणून दाखवावा लागला. डिसेंबर 2023 मध्ये तर कॅनोपीने दहा शेअरचा एक शेअर केला. पेयांचा धंदा मुरलेल्या कंपनीची ही गत झाली, तिथे आपल्या आठ जणांचा काय पाड लागणार?

खानापूरकर:
एका कंपनीवरून सगळ्या धंद्याची पारख होत नाही. या पेयाची खरी अडचण कारखान्यात होती. टीएचसी तेलात विरघळते, पाण्यात नाही, म्हणून त्याचे अतिसूक्ष्म थेंब करून ते पाण्यात धरून ठेवावे लागतात. तेवढे करूनही ते डब्याच्या आतील अस्तराला चिकटते आणि काही आठवड्यांनी वेष्टनावर लिहिलेली मात्रा पेयात पुरती उरत नाही. ज्यांनी अस्तर आणि मिश्रण दोन्ही सुधारले, ते टिकतील. मी भागभांडवल बघण्याआधी हे विचारीन.

निपाणीकर:
मिश्रण सुधारेल, पण कायद्याचे काय करणार? अमेरिकेच्या 2018 च्या कृषी कायद्याने 0.3 टक्क्यांपर्यंतच टीएचसी असलेल्या हेम्पला, म्हणजे गांजाच्याच पण नशा न आणणाऱ्या झाडाला, मोकळीक दिली, त्याच आधारावर तिथल्या मिनेसोटा राज्याने 2022 मध्ये एका मात्रेला 5 मिलिग्रॅमपर्यंत टीएचसी असलेली पेये विकू दिली आणि कारखाने उभे राहिले. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने नवा कायदा केला. त्यानुसार वर्षभरानंतर एका डब्यात फक्त 0.4 मिलिग्रॅम चालेल. म्हणजे आजचा 5 मिलिग्रॅमचा डबा मर्यादेच्या साडेबारा पट ठरतो. आमच्या घरी तंबाखू होता. वखारीत माल उतरवून वडील दराची वाट पाहत बसत आणि दर मात्र समोरचा त्याच्या सवडीने सांगे. माल आपला, पण भाव दुसऱ्याच्या हाती, हे दुःख मी लहानपणापासून पाहिले आहे. इथे तर माल विकायचा की नाही हेच दुसरा ठरवतो.

टिळकवाडीकर:
कायद्याचा मुद्दा मान्य, पण बंधन कॅनडाला लागू नाही. केवळ कॅनडात विक्री असलेल्या कंपन्या निवडता येतील. आपल्या देशातही 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा आणि चरस येतात, नुसती पाने येत नाहीत, आणि 2021 मध्ये हेम्पच्या बियांना खाद्य म्हणून मान्यता मिळाली. वारे हळूहळू बदलत आहे.

खानापूरकर:
बियांच्या मान्यतेचा नशेच्या पेयाशी संबंध जोडू नये, ती गोष्ट वेगळी आहे. मला अधिक काळजी भिशीची वाटते. परदेशी रक्कम पाठवण्याची सवलत व्यक्तीला आहे, भिशीला नाही. आठ जणांचे पैसे एकाच्या खात्यातून गेले, तर शेअर त्याच्याच नावावर राहतील आणि उद्या वाद झाला तर उरलेल्या सात जणांच्या हाती कागद कुठला?

टिळकवाडीकर:
हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. भिशीपुढचा प्रस्ताव मी मागे घेतो. माझ्या स्वतःच्या खात्यातून मात्र बुडाली तरी संसाराला झळ लागणार नाही एवढीच रक्कम घालीन, आणि तीही कॅनडातील कंपन्यांतच.