रक्तदाब ‘ठीक’ असताना शॉक ओळखायचा कसा?

प्रश्न (कनिष्ठ डॉक्टर, तातडीचा विभाग):
गेल्या आठवड्यात साठी ओलांडलेले एक गृहस्थ चक्कर येते म्हणून आले. दोन दिवसांपासून शौचास काळे होत असल्याचे त्यांनी विचारल्यावर सांगितले. रक्तदाब १०८/८४, नाडी ९६ आणि हिमोग्लोबिन ११.८ भरले, म्हणून मी केसपेपरवर ‘प्रकृती स्थिर’ असे लिहून पुढच्या रुग्णाकडे वळलो. चाळीस मिनिटांनी परिचारिकेने हाक मारली तेव्हा वरचा रक्तदाब ७० वर आला होता. सुदैवाने रुग्ण वाचले. पेशींना गरजेइतका प्राणवायू न पोहोचणे म्हणजे शॉक, ही व्याख्या मला पाठ आहे; परंतु पहिल्या तपासणीत असे काय होते, जे मला दिसायला हवे होते आणि दिसले नाही?

उत्तर १ (अतिदक्षता विभागातील डॉक्टर):
तुम्ही दिलेल्या आकड्यांतच बरेच काही आहे. १०८ आणि ८४ यांतला फरक केवळ २४ आहे, म्हणजे वरच्या आकड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी. शौचास काळे होणे म्हणजे बहुधा पोटात रक्तस्राव; असे रक्त कमी झाले की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बाहेर पडणारे रक्त घटते आणि वरचा दाब उतरू लागतो. त्याच वेळी शरीर रक्तवाहिन्या आवळून धरते, त्यामुळे खालचा दाब टिकून राहतो किंवा चढतो. आपण फक्त वरचा आकडा वाचतो आणि हे आवळणे नजरेतून सुटते. दुसरे म्हणजे नाडीला वरच्या रक्तदाबाने भागून पाहा. १९६७ मध्ये ऑलगोवर आणि बुरी यांनी मांडलेला हा ‘शॉक इंडेक्स’ निरोगी प्रौढात साधारण ०.५ ते ०.७ असतो, तुमच्या रुग्णाचा ०.८९ येतो.

हिमोग्लोबिनने तुम्हाला फसवले, यात नवल नाही. वाहून जाते ते संपूर्ण रक्त, त्यामुळे शरीरातले किंवा सलाईनमधले पाणी रक्तात मिसळेपर्यंत उरलेल्या रक्ताची घनता जवळपास तीच राहते. सत्तर किलोच्या माणसात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि त्यातले दीड लिटरपर्यंत जाईतो पडून असलेल्या रुग्णाचा वरचा दाब टिकून राहू शकतो.

म्हणून मी आधी हात धरतो. बोटाचे टोक दहा सेकंद घट्ट दाबून सोडावे आणि रंग परतायला किती वेळ लागतो ते मोजावे. तीन सेकंदांहून अधिक लागले, तर मॉनिटर काहीही म्हणो, मी त्या खाटेपासून हलत नाही. (खोली थंड असेल किंवा रुग्ण वयस्क असेल तर ही वेळ वाढू शकते, एवढे ध्यानात ठेवावे.) गुडघ्यांवरचे पांघरूण बाजूला करून तिथली त्वचा जाळीदार, निळसर झाली आहे का तेही पाहावे.

उत्तर २ (परिचारिका):
त्या गृहस्थांचा नेहमीचा रक्तदाब किती असतो आणि त्यांना कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे कोणी विचारले होते का? ज्यांचा वरचा दाब एरवी १५० असतो, त्यांच्या बाबतीत १०८ हा आकडा कमीच म्हणायचा. दुसरी गोष्ट अशी की बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर लहर नीट उमटेनाशी झाली की आपण यंत्राला दोष देतो आणि बोट बदलत राहतो. पुष्कळदा त्या बोटात पुरेसे रक्तच पोहोचत नसते. रुग्ण उगाच चुळबुळ करू लागला, सारखे पाणी मागू लागला, तर त्याला त्रासिक स्वभावाचा ठरवण्यापूर्वी पुन्हा एकदा तपासावे. लघवीची नळी घातलेली असल्यास तासाला किलोमागे अर्धा मिलीलिटरही लघवी होत नाही, हे आम्हालाच सर्वांत आधी कळते. फक्त ते ऐकून घेणारे कोणी असावे लागते.

उत्तर ३ (तातडीच्या विभागातील वरिष्ठ डॉक्टर):
पहिल्या उत्तराशी सहमत आहे, पण एक दुरुस्ती आवश्यक वाटते. हात गरम आहेत म्हणून शॉक नाही, असे कृपया कोणी समजू नये. जंतुसंसर्गाच्या सुरुवातीला, तीव्र ॲलर्जीत आणि मज्जारज्जूला इजा झाल्यास रक्तवाहिन्या सैलावतात आणि हात ऊबदार राहतात. मज्जारज्जूच्या इजेत तर नाडीही संथ असू शकते.

शॉकचा संशय आला की मी मानेच्या शिरा पाहतो. त्या सपाट असतील तर रक्त किंवा पाणी कमी पडले असावे. फुगलेल्या असतील तर हृदय दुबळे पडले आहे, हृदयाभोवती पाणी साठले आहे, फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकली आहे किंवा छातीत दाबाने हवा कोंडली आहे, या चार शक्यता समोर येतात. शेवटच्या कारणाचा दाट संशय असेल आणि रुग्ण ढासळत असेल, तर एक्स-रेची वाट पाहत बसू नये. खाटेपाशी सोनोग्राफी असल्यास हृदय, फुप्फुसे, मोठी नीला आणि पोट काही मिनिटांत पाहून होते.

रक्तातले लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडला की वाढणारा पदार्थ) लिटरमागे २ मिलिमोलच्या वर असणे महत्त्वाचे आहे, परंतु आकडी येऊन गेल्यावर, यकृत निकामी असल्यास किंवा ॲड्रेनालिन चालू असतानाही ते वाढते. उलट, ते सामान्य आले म्हणून मी कोणालाही घरी पाठवत नाही.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. आज जुना केसपेपर काढून पाहिला. त्यांना कित्येक वर्षांपासून मेटोप्रोलॉल हे नाडी संथ ठेवणारे औषध चालू होते आणि मागच्या भेटीतला रक्तदाब १५६/९० होता. म्हणजे औषधाने लगाम घातलेला असूनही नाडी ९६ पर्यंत चढली होती. शॉक इंडेक्सही त्यामुळे आहे त्याहून सौम्य दिसला. हात थंड होते की नाही, याची कुठेही नोंद नाही, कारण मी ते धरलेच नव्हते. त्यांच्या मुलीने मात्र मला एकदा विचारले होते की यांना एवढा घाम का येतो आहे. मी पंखा वाढवायला सांगितला होता.